पाणी कुठं मुरलं

गवंड्याच्या मुलीने सकाळी विहिरीतून बादली ओढली, तेव्हा पाणी लाल होतं.

आधी तिला वाटलं, बादलीचाच रंग उतरला असेल. पण बादली काळी होती. तिने पाणी ओतून दिलं, पुन्हा बादली सोडली. पुन्हा लालच. मग ती अशी ओरडली की सगळी खालची आळी जमा झाली.

नगरपालिकेचा इंजिनिअर परवापासून बेपत्ता होता. घरकुलांची बांधकामं मोजून अनुदानाचे हप्ते मंजूर करणं हे त्याचं काम, आणि नव्या गटाराची लाईन पुरून झाल्यावर तिची देखरेखही त्याच्याच गळ्यात आलेली. तरुण, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. गेल्याच आठवड्यात भर सभागृहात गवंडी त्याच्या अंगावर धावून गेला होता. "माझा हप्ता अडवलास तर विहिरीत घालीन तुला!" हे सगळ्या गावाने ऐकलं होतं. आता विहीर लाल झाली. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात ती अशी, आणि अशा गाठीने माणूस फासावरही जातो.

फौजदार बाई पोचल्या तेव्हा गवंड्याच्या दारावर दगड पडायला लागले होते. त्यांनी त्याला जीपमध्ये घातलं. ही अटक की राखण, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मोटर लावून विहीर उपसली. तळाशी चिखल निघाला, एक फुटका पोहरा निघाला, मुलीची लहानपणी हरवलेली चप्पल निघाली. प्रेत काही निघालं नाही.

बाई कठड्यावरून वाकून बघत राहिल्या. रिकाम्या विहिरीत पाणी परत झिरपायला लागलं होतं. उताराकडचे दगड कोरडे होते. पाणी येत होतं ते वरच्या अंगाने, आळीच्या चढाकडच्या दगडांमधून, आणि तेही लाल. जमलेली माणसं कठड्यापासून मागे सरकली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "रक्त नाही हे. रंग आहे. आणि घाणही आहे बरीच. हे पाणी कुणाला पिऊ देऊ नका."

गावाला हे पटलं नाही. आपला संशय खोटा ठरलेला कुणालाच आवडत नाही. दुपारी नगराध्यक्ष स्वतः पोलीस ठाण्यात आले.

"उद्या लाईनचं उद्घाटन आहे, बाई. मंत्री येणार. त्याच्या आत गवंड्याला कोर्टात उभा करा, म्हणजे गाव शांत होईल."

"गाव शांत होईल. पण इंजिनिअर कुठाय?"

"ते त्यालाच विचारा की. दोन रट्टे द्या, पोपटासारखा बोलेल."

"आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, तर?"

नगराध्यक्षांनी घाम पुसला. "उद्या सकाळपर्यंत थांबतो. मग वरून फोन येईल आणि केस तुमच्या हातात राहणार नाही. पुढचा अधिकारी काय करेल, ते तुम्हीच जाणता."

बाई जाणत होत्या. त्या कोठडीकडे गेल्या. दारात गवंड्याची मुलगी डबा घेऊन उभी होती.

"बाई, बाबा तोंडाचे फाटके आहेत, कबूल. पण घरात कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला हाक मारतात हो."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मुलीचे डोळे रडून सुजले होते.

"मिस्त्री, धमकी दिली होतीत?" त्यांनी गवंड्याला विचारलं.

"दिली होती."

"का?"

"म्हणाले, भिंत दारा-खिडक्यांवरच्या लिंटलपर्यंत आल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. आणि हप्ता आल्याशिवाय भिंत वर जात नाही. अर्ध्या गावाची घरं बांधली मी, बाई. माझ्याच डोक्यावर पत्रा नाही."

"त्यानंतर भेटले तुम्हाला?"

"परवा सकाळी आले. मी तोंड फिरवून बसलो. त्यांनी भिंत मोजली, मग विहिरीवर गेले. पाण्याचा वास घेतला आणि चढाने वर निघून गेले."

"वास कशाला?"

"महिनाभर पाण्याला वास मारतोय. पोरीने तक्रार दिली होती."

तिथून बाई नगरपालिकेत गेल्या. क्लार्कने इंजिनिअरचं कपाट उघडून दिलं. मोजपट्टी, हेल्मेट, आणि मागे लाल भुकटीचा अर्धा डबा.

"हे काय?"

"गटार तपासायचा रंग. वरून सोडायचा आणि खाली निघतो का बघायचं. परवा त्यांनी पुडी बांधून नेली थोडी."

"कुठे नेली?"

"माझ्याशी कशाला बोलतात ते! कामाशी काम."

आळीच्या अगदी खालच्या टोकाला नवं पंपघर होतं. लाईन तिथे येऊन संपत होती. पंपवाला खुर्चीत बसून माश्या मारत होता.

"परवा दुपारी त्यांचा फोन आला होता," तो म्हणाला. "'आलं का?' म्हणाले. मी म्हटलं, 'काय?' म्हणाले, 'काहीही. नीट बघ.' मी म्हटलं, 'साहेब, टाकी कोरडी ठणठणीत आहे.' मग गप्पच झाले."

"दुसरा कुणाचा आवाज?"

"मागून कुणीतरी म्हणालं, चहा निवतोय. बस, एवढंच."

बाई चढाने चालत निघाल्या. रस्त्यात ओळीने लाईनच्या चेंबरची झाकणं होती. उद्घाटनापर्यंत कुणी उघडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कडेला सिमेंट भरून त्यावर नगरपालिकेचा शिक्का मारलेला. त्यांनी एकेका झाकणाशी वाकून बघितलं. एकही शिक्का तडकलेला नव्हता. खिडक्यांमधून बायका बघत होत्या आणि बाईंनी वर बघितलं की आत सरकत होत्या.

आळीच्या माथ्यावर आरोग्य सभापतींचं घर. गावभरच्या जोडण्या उद्घाटनानंतर व्हायच्या होत्या. लोकांना विश्वास वाटावा म्हणून सभापतींनी आपली तेवढी महिन्यापूर्वीच करून घेतली होती. फाटकावर पितळी पाटी होती: 'आदर्श जोडणी'. लाईनचं कंत्राट त्यांच्या मेहुण्याचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"या या, बाई!" सभापतींनी स्वतः खुर्ची पुढे केली. "बिचारा इंजिनिअर. गुणी पोरगा होता."

"परवा तुमच्याकडे आला होता?"

"छे! फिरकलासुद्धा नाही. मी दिवसभर घरीच होतो, आला असता तर कळलं नसतं?"

"घरी अजून कोण होतं?"

"कुणी नाही. ही माहेरी गेलेली. काल आली."

सभापतींची बायको पाणी घेऊन आली. ओचा खोचलेला, पाय ओले. "काय सांगू बाई, आल्यापासून मोरी उपसतेय. सगळं तुंबून वर येतंय. मी नव्हते तर यांनी संडासाची मागची टाकी बुजवून तेही मोरीच्या लाईनीत सोडलं! अहो, चार दिवस दम नको का धरायला?"

"सेप्टिक टँक?"

"हो. रेती टाकली, वर काँक्रीट केलं, त्यावर कुंड्यासुद्धा मांडल्या. आयुष्यात यांनी कधी कुंडीला हात लावला नव्हता."

सभापती हसले. "नवी लाईन आहे, बसायला वेळ लागतो. आणि ठरावच आहे ना, जोडणी झाली की जुनी टाकी बुजवायची. लोकांना सांगायचं तर आपण आधी करायला नको?"

बाईंनी पाणी घेतलं नाही. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी कुंड्या बघितल्या. रोपं उन्हाने माना टाकून बसली होती. सभापती दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते, आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात खुर्च्या मांडल्या जात असताना बाईंनी नगराध्यक्षांना सभापतींच्या मागच्या अंगणात बोलावलं. हवालदारांनी गवंड्यालाही आणलं. त्याची मुलगी मागोमाग आली.

"हा काय तमाशा?" सभापती म्हणाले. "खाली मंत्र्यांची गाडी येईल."

"येऊ दे. विहीर लाल कशाने झाली ते सांगते. इंजिनिअर विहिरीच्या वासाचं मूळ शोधत होता. लाईन फुटलीय का बघायला त्याने तिच्यात रंग सोडला. कुठून सोडला? रस्त्यावरच्या झाकणांचे शिक्के शाबूत आहेत. म्हणजे एखाद्या घरातून. आणि लाईनला जोडलेलं घर सगळ्या गावात एकच आहे."

नगराध्यक्षांनी सभापतींकडे बघितलं.

"तुम्ही दिवसभर घरी होतात. तो फिरकला नाही म्हणालात. मग तुमच्या मोरीत रंग कुणी ओतला? पंपघरात फोन केला तेव्हा त्याला चहा कोण देत होतं?"

"आला असेल. विसरलो मी. चहा पाजला म्हणून खून केला का?"

"पंपवाला म्हणाला, काही आलं नाही. तेव्हा इंजिनिअरला कळलं. पहाटे मी पंचांसमोर दोन झाकणं उघडली. खाली खड्डा आहे, बाजूला माती आहे. पाईप नाहीत. तुमच्या मेहुण्याने रस्त्यात नुसती झाकणं पेरलीत. तुमच्या घराची घाण महिनाभर जमिनीत जिरतेय आणि या पोरीच्या विहिरीत निघतेय. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण नुसतं म्हणतो. इथे खरोखरच मुरत होतं."

"मेहुण्याला धरा मग!" सभापतींचा आवाज चिरकला. "मला काय माहीत खाली पाईप आहेत की नाहीत?"

"असं म्हणाल हे वाटलंच होतं. त्यालाही रात्रीच धरलाय. काम चालू असताना तुम्ही रोज खड्ड्याशी उभे होतात, निम्मे पैसे तुम्ही घेतलेत, हे त्याने कबूल केलंय. मजूर बाहेरगावचे, कधीच निघून गेले; लाईन खोटी आहे हे गावात तुम्हा दोघांनाच माहीत होतं. इथेच माझं घोडं अडलं होतं. ज्याला माहीत आहे की पुढे गटारच नाही, तो आपली धडधाकट टाकी का बुजवेल? स्वतःच्या घरात घाण तुंबवून का घेईल? असं करणारा एक तर मूर्ख असतो, नाहीतर टाकीत त्याला काहीतरी झाकायचं असतं. आणि सभापती, तुम्ही मूर्ख नाही."

सभापतींची बायको पायरी उतरून पुढे आली. "म्हणून मला म्हणालात, आणखी एक दिवस राहा माहेरी?"

सभापतींनी तिच्याकडे बघितलं नाही. "मी त्याला म्हटलं होतं," ते हळू आवाजात बोलले, "उद्घाटन होऊ दे, मग काय ते बघू. सगळ्यांचं भलं होईल. तर म्हणे, त्या मुलीला ते पाणी प्यावं लागतंय. तेवढं एकच धरून बसला. तिथे पहार पडली होती."

हवालदारांनी त्यांचे हात धरले.

काँक्रीट फोडायला नगरपालिकेचा एकही माणूस पुढे येईना. गवंडी आपण होऊन पुढे आला. त्याने कुंड्या एकेक उचलून बाजूला ठेवल्या, घण घेतला आणि न थांबता काँक्रीट फोडलं. मग आत उतरून हातांनीच रेती उपसायला लागला. बराच वेळ नुसती रेती वर येत होती. मग ती यायची थांबली.

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खाली कशावर तरी पांघरला.

"मिस्त्री, वर या," बाई म्हणाल्या. "माणसं काढतील आता."

"नको. मीच काढतो." तो टॉवेलखालच्या इंजिनिअरकडे वळला. "विहिरीत घालीन म्हणालो होतो मी, साहेब. आणि तुम्ही माझ्याच विहिरीसाठी वर आलात."

मुलगी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसली आणि तिने बापाला आधाराला हात दिला. खाली मंडपात कुणीतरी माईक चालू करून बघत होतं.