आसधारक

निर्ध्वनी कक्षाच्या भिंतींवर फेसाचे सुळके लावले होते. आत बोललेला शब्द ओठांपाशीच विरून जाई. जोएल रणनवरेने गिटार मांडीवर घेतली, तिसऱ्या तारेवर बोट दाबलं आणि तार एकदाच छेडली. काचेपलीकडे डॉ. निशिकांत आवटी घड्याळाकडे बघत उभा होता.

स्वर चालूच राहिला. ना बारीक झाला, ना हलला. एक्केचाळीस सेकंदांनी जोएलनेच बोट उचललं.

"जुन्या घोडीवर स्वराची आस किती टिकत होती?" बाहेर येत त्याने विचारलं.

"नऊ सेकंद," निशिकांत म्हणाला.

दोघं सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे मित्र. तिथल्या बँडमध्ये जोएल गिटार वाजवायचा आणि निशिकांत बेस. पुढे जोएलने पदवी अर्धवट सोडली. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लांबवलेल्या संथ स्वरांसाठी देशभर त्याचं नाव होतं. निशिकांत मिरजेच्या तंतुनाद संशोधन केंद्राचा प्रमुख झाला होता.

जोएलच्या गिटारला ट्रेमोलोची घोडी होती, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो हलता आधार. ही घोडी स्प्रिंगांवर तरंगते. दांडी दाबली की झुकते, तारा सैल होतात आणि स्वर उतरतो. तिच्याखाली धातूचा ठोकळा असतो. आस, म्हणजे छेडल्यावर स्वर टिकण्याचा काळ, वाढावी म्हणून जोएलने मूळचा जस्ताचा ठोकळा काढून पोलादी बसवला होता, मग पितळी, मग पुन्हा पोलादी. स्प्रिंगा तर किती बदलल्या याची गणतीच नव्हती.

"ठोकळा जड केलास की तारेची ऊर्जा लाकडात कमी झिरपते," निशिकांत म्हणाला. "पण झिरपते ती झिरपतेच. माझा आसधारक ती परत देतो. ठोकळ्यात स्फटिकांच्या चकत्या आहेत. तार जेवढं गमावते तेवढं त्या तिला क्षणोक्षणी पुरवतात."

"मग त्यात अवघड काय?"

"वेळ साधणं. ढकल चुकीच्या क्षणी बसली तर स्वर मरतो. म्हणजे तार पुढच्या क्षणी काय करणार हे ठोकळ्याला आधी कळायला हवं. आणि तार काय करणार हे ठरतं वाजवणाऱ्याच्या बोटांवर. म्हणून आधी त्याने एक हात शिकायला हवा. बोट किंचित सरकलं, स्वर ढळला, तर ठोकळा स्वतः केसभर झुकून तो जागेवर आणेल."

"कोणाचा हात शिकणार?"

"तुझा. वर्षभर हीच गिटार वाजव. रोजची नोंद आपोआप माझ्याकडे येईल."

जोएलने त्याच दिवशी होकार दिला. कराराच्या कागदावर सही करण्याआधी त्याने तो वाचलाही नाही.

ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वर्ष ठरलं. त्याचा स्वर इतका सरळ कधीच लागला नव्हता. वर्ष संपलं आणि 'रणनवरे घोडी' बाजारात आली. स्वस्त पडावी म्हणून तिच्यातला हात वाचणारा भाग काढून टाकला होता. जोएलच्या हाताकडून ठोकळा जे शिकला, तेच तिच्यात कायमचं कोरलेलं होतं. जोएलच्या गिटारवर मात्र मूळचा आसधारकच राहिला.

सहा महिन्यांनी तरन्नुम शिकलगारचा फोन आला. मिरजेत तिची गिटार दुरुस्तीची कार्यशाळा होती. जोएलच्या गिटारींना ती बारा वर्षं हात लावत आली होती.

"जोएलसर, जरा येऊन जाल? तुमच्या नावाची घोडी मला काही उमगत नाहीये."

टेबलावर एक नवी गिटार आडवी ठेवलेली होती. "ही चौथी," तरन्नुम म्हणाली. "प्रत्येकाची एकच तक्रार. लांब स्वर डुलतो. मी स्प्रिंगा बदलल्या, घोडी जिच्यावर टेकते ती धार घासून घेतली, खुंट्या तपासल्या. कुठेही खोट नाही. हे बघा."

तिने तार छेडली. स्वर लांबला आणि त्यात बारीक लहर उमटली, सेकंदाला पाच वेळा, अगदी नियमित.

"तुझा हात हलत असेल."

"तसंच वाटलं मलाही. म्हणून हाताशिवाय करून पाहिलं." तिने पट्टीवर चिमटा लावून तार दाबली, दोरा अडकवून ताणली आणि दोरा कापला. स्वर पुन्हा तसाच डुलला.

"दे इकडे," जोएल म्हणाला. त्याने तोच स्वर वाजवला. तो जवळजवळ सरळ राहिला. नीट कान दिला तरच किंचित हलताना जाणवत होता.

तरन्नुमने गिटार परत घेतली. वाजवली. स्वर डुलला. जोएलने वाजवली. स्वर सरळ. ती बराच वेळ त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"सर, ठोकळा दुरुस्ती करतोय," ती सावकाश म्हणाली. "मी वाजवते तेव्हा दुरुस्त करायला काही नसतं, म्हणून त्याची दुरुस्तीच ऐकू येते. तुमच्या हातात मात्र..." ती थांबली. "तुम्ही साधा ठोकळा लावून शेवटचं कधी वाजवलंत?"

"दीड वर्ष झालं."

तिने कपाटातून एक जुनी गिटार काढली. तिला साध्या पोलादी ठोकळ्याची घोडी होती. जोएलने तार दाबून छेडली.

स्वर थरथरला.

त्याने बोट बदललं, जोर वाढवला, मनगट टेकवून पाहिलं. थरथर गेली नाही. उलट ती आताच ऐकलेल्या लहरीपेक्षा जास्त होती. ठोकळा त्याच्याकडून शिकला, त्यानंतरही त्याच्या हाताचा कंप वाढतच गेला होता.

मज्जाविकारतज्ज्ञांनी चार तपासण्या करून रोगाचं नाव सांगितलं. "यावर आता औषध आहे," त्या म्हणाल्या. "लक्षण दिसल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत सुरू केलं तर रोग तिथेच थांबतो. नंतर फक्त त्याचा वेग कमी होतो. तुम्हाला आधी काहीच जाणवलं नाही? तुमच्यासारख्याला तर स्वरातूनच कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जोएल केंद्रात गेला. निशिकांतने चहा मागवला.

"माझ्या हाताचे आलेख दाखव."

निशिकांतचा चेहरा उतरला. आलेख कशासाठी हवेत, हे त्याने विचारलं नाही. त्याने ते संगणकाच्या पडद्यावर उघडले. पहिले तीन महिने रेघ सपाट होती. चौथ्या महिन्यात तिच्यावर बारीक दाते उमटले, आणि मग ते दर महिन्याला उंच होत गेले.

"कधी पाहिलंस हे?"

"चौथ्याच महिन्यात."

"कशाचं आहे, तेही कळलं?"

"एका डॉक्टरांना दाखवलं होतं. तुझं नाव न सांगता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वाजवणं थांबवलं असतंस. ठोकळ्याला अजून आठ महिने हवे होते. वर्ष पुरं झालं की सांगणार होतो. पण मग घोडी बाजारात आली, तुझे कार्यक्रम ठरले... आणि जोएल, आसधारक सगळं सांभाळून घेत होता. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं."

"मलाही नाही," जोएल म्हणाला. "माझा हात मला सांगत होता, निशिकांत. तू मध्ये ठोकळा बसवलास."

निशिकांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच खाली घेतला. "दर महिन्याला मी तुझ्यासाठी नवी जुळवणी करून देईन. तू आयुष्यभर सरळ वाजवशील. शब्द देतो."

"आणि बाजारातल्या घोड्या? तक्रारी तुझ्याकडेही आल्याच असतील."

निशिकांतने टेबलावरचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. नव्या घोडीवर आता एक छोटा स्क्रू होता. त्याने लहर कमी-जास्त करता येत होती. शेजारी जोएलचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत : 'रणनवरे कंप. स्वराला जिवंतपणा.'

"लोकांना आवडायला लागलं होतं," निशिकांत खालच्या आवाजात म्हणाला.

जोएलने पत्रक घडी करून टेबलावर ठेवलं आणि तो निघाला. चहा आला तेव्हा निशिकांत खोलीत एकटाच होता.

जोएलने औषध सुरू केलं. आसधारक उतरवून तरन्नुमने त्याच्या गिटारला साधा पोलादी ठोकळा बसवला. पुढच्याच महिन्यात, एका रविवारी सकाळी, सांगलीत त्याचा कार्यक्रम होता. पत्रकावर आपला फोटो होता, म्हणून तरी आपण आपला खरा हात लोकांपुढे ठेवायचा, एवढं त्याने ठरवलं होतं. रोगाबद्दल मंचावरून बोलायचं नव्हतं. ऐकणाऱ्यांना स्वरातून कळेल, असं त्याला वाटत होतं.

पहिला लांब स्वर त्याने छेडला. नऊ सेकंद तो थरथरत राहिला आणि विझला. त्याने दुसरा छेडला. तासभर तो तसाच वाजवत राहिला. चुका न लपवता. अखेरीस सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

मंचाच्या पायऱ्या उतरताना पाठीला गिटार लावलेला एक तरुण धावत आला. त्याचे डोळे चमकत होते.

"सर, कंप काय हुबेहूब उतरलाय! माझ्याकडे हीच घोडी आहे, पण एवढा खरा वाटत नाही. तुम्ही कंप कितीवर ठेवलाय?"

जोएलने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे.

"मी ठेवत नाही," तो म्हणाला. "तो आपला आपण वाढतो."

"म्हणजे नवं मॉडेल?" तरुणाने हरखून विचारलं. "कधी मिळणार आम्हाला?"