तलावाचे पाणी जाते कुठे?

"पुन्हा! भिंतीला हात लावताना मान वर काढतेस, तिथेच मार खातेस तू!"

आत्याचा आवाज तलावभर घुमला. मासोळीने पोहण्याचा चष्मा सारखा केला आणि निमूटपणे पुन्हा सूर मारला. सुट्टीत आत्याकडे राहायला आलेल्या तिघा भावंडांत पोहणारी ती एकटीच, म्हणून तिचे नाव मासोळी. आत्या या जलतरण तलावावर प्रशिक्षक होती, आणि रविवारी तिथेच स्पर्धा होती. गेल्या वर्षी मासोळीचा पहिला नंबर बोटभर अंतराने हुकला होता. तो मिळवण्याची ही अखेरची संधी होती. कारण पुढच्याच आठवड्यात तिचा वाढदिवस होता आणि वाढदिवस झाला की नियमाप्रमाणे तिची गणना मोठ्या गटात होणार होती. त्या गटातल्या मुली तिच्याहून हातभर उंच होत्या.

तिचा चुलतभाऊ पाण्यात उतरत नसे. काहीही सांगितले तरी "कशावरून?" असे विचारण्याच्या खोडीमुळे घरात त्याला शंकासुर म्हणत. मासोळीचा धाकटा भाऊ सदैव कुणाच्या तरी मागे असे, म्हणून त्याचे नाव शेपूट.

"ए, इकडे या!" प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागून शंकासुराने हाक मारली. "हे गवत बघा."

"गवतच आहे," मासोळी अंग पुसत म्हणाली. "तू काय गाय आहेस?"

"सगळं मैदान वाळून पिवळं पडलंय आणि भिंतीलगतचा हा एवढाच पट्टा हिरवागार! याला पाणी कोण घालतं?"

"चोर!" शेपूट उत्साहाने ओरडला. "कुणीतरी तलावाचं पाणी चोरतंय!"

"चोर पाणी चोरेल, पण गवताला कशाला घालेल?" शंकासुर म्हणाला. तरीही पाळत ठेवायला त्याची हरकत नव्हती. चुकीची कल्पनाही तपासूनच बाद करावी, असे त्याचे मत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघे कपडे बदलण्याच्या खोलीमागे दबा धरून बसले. चोर आला नाही. आले ते पंपकाका. पंपघर, नळ आणि पाण्याची स्वच्छता हे सारे त्यांच्याकडे होते. त्यांनी नळ सोडला, पाणी काठाला टेकेपर्यंत वाट पाहिली आणि नळ बंद केला.

"काका, रोज भरता?" शंकासुराने लपण्याच्या जागेतूनच विचारले. पंपकाका केवढ्याने दचकले!

"अरे, काय भुतासारखे बसलात! रोज भरतो. माझ्या तलावाचं पाणी उतरलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही!"

"किती भरावं लागतं?"

"काठाला लागेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते कोण मोजत बसतंय! कमी झालं की भरायचं."

पाणी किती उतरते हे ठाऊक असू शकणारा एकमेव माणूस ते मोजत नव्हता, आणि बाकी सगळे लोक तलाव भरून झाल्यावरच येत होते. शंकासुराला हे फार आवडले. तो सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेला.

"उन्हाळा आहे, बाळ," व्यवस्थापक स्पर्धेच्या तयारीत बुडालेले होते. "उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात ना. पण किती होते?"

"जेवढी व्हायची तेवढी! चला, पळा आता!"

त्या संध्याकाळी, शेवटचा पोहणारा बाहेर पडल्यावर, शंकासुराने तलावातलेच पाणी बादलीत भरले आणि बादली शिडीच्या पाण्यातल्या पायरीवर ठेवली. बादलीच्या आत आणि तलावाच्या भिंतीवर त्याने पाण्याच्या रेषेशी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या.

"बादलीने काय कळणार?" शेपटाने विचारले.

"बादली आणि तलाव, दोघांना हवा सारखीच. नुसती वाफ होत असेल तर पाणी दोन्हीकडे सारखंच उतरेल. बादलीला गळती नाही, हे तर आपण बघितलंय."

पहाटे, पंपकाका येण्याआधी, तिघे तिथे हजर झाले. बादलीतले पाणी जेमतेम नखभर उतरले होते. तलावाचे चांगले चार बोटे!

"बाप रे!" मासोळी म्हणाली. "मग बाकीचं गेलं कुठे?"

"ते तुलाच शोधावं लागेल. मी बुडतो."

ही शनिवारची गोष्ट. दुपारी पंप बंद झाला आणि पाणी निवांत झाले. औषधाच्या रिकाम्या ड्रॉपरमध्ये निळी शाई भरून मासोळी खोल बाजूच्या तळाशी गेली. भिंतीच्या सांध्यांजवळ थेंब थेंब सोडत ती पुढे सरकू लागली. शाईचा ढग होई आणि तो जागच्या जागी तरंगत राही. वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचे. कोपऱ्याशी मात्र ढग झाला नाही! शाईचा बारीक दोरा झाला आणि दोन फरश्यांमधल्या फटीत झरझर ओढला गेला.

मासोळीने खात्रीसाठी आणखी एक थेंब सोडला. तोही गेला.

वर येता येताच तिला पुढचे सगळे दिसले. हे सांगितले तर तलाव रिकामा करणार. उद्याची स्पर्धा रद्द. वाढदिवस उलटणार. आणि हे तिच्याशिवाय कुणीही पाहिलेले नव्हते.

"दिसलं का काही?" शंकासुराने काठावरून वाकून विचारले.

तिने काठ धरला आणि ती धापा टाकत राहिली. सोमवारी सांगितले तर? एका दिवसाने काय बिघडते? तेवढ्यात तिची नजर वर गेली. बरोबर त्या कोपऱ्याच्या वर, प्रेक्षकांच्या सर्वांत खालच्या पायरीवर, प्रमुख पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यामधून शेपूट टणाटण उड्या मारत होता. इतके दिवस एवढे पाणी त्या पायरीखालून गेले असेल, तर खालची माती कुठे असेल?

"दिसलं," ती म्हणाली. "आणि शेपट्या, आधी तिथून खाली उतर. आत्ताच्या आत्ता!"

आत्याने सगळे ऐकून घेतले, स्वतः बुडी मारून शाईचा एक थेंब सोडून पाहिला आणि ओल्या अंगानेच व्यवस्थापकांना बोलावून आणले.

"पायऱ्या पोकळ? अहो, हत्ती नाचवा यांच्यावर!" व्यवस्थापक हसले. "निमंत्रणं गेलीत. पोरांच्या खेळापायी स्पर्धा रद्द करू?"

"काका, तिथे जाऊ नका!" मासोळी ओरडली.

"हा बघ, बसलो!" ते ऐटीत मधल्या खुर्चीवर बसले. "पडलो का?"

"नाही पडलात," शंकासुराने प्रामाणिकपणे मान्य केले. "पण त्यावरून खाली माती आहे, हे सिद्ध होत नाही." पालापाचोळा काढायच्या जाळीचा लांबलचक बांबू त्याने उचलला, काठावर उभा राहिला आणि बांबूचे मोकळे टोक पायरी व काठ यांच्यामधल्या फटीत घातले. बांबू खाली सरकला. आणखी सरकला. कशालाही न टेकता तो जातच राहिला, आणि शेवटी जाळीची कडी फटीवर अडकली म्हणूनच थांबला.

व्यवस्थापकांनी बांबूकडे पाहिले. मग ते सावकाश उठले, त्यांनी एक पाय हलकेच उचलला, पायरीबाहेर ठेवला, मग दुसरा. आणि श्वास अगदी शेवटी सोडला.

"स्पर्धा," ते म्हणाले, "पुढे ढकलली आहे."

तलाव रिकामा झाला. सोमवारी अभियंत्याने ती पायरी फोडली. फटीतून जाणाऱ्या पाण्याने खालची सारी माती एका जुन्या, विसरलेल्या गटारात वाहून नेली होती; त्याच गटाराच्या ओलीवर मागचे गवत हिरवे राहिले होते. पायरीखाली अख्खी खोली तयार झाली होती. शेपटाला तिच्यात उभे राहून पाहायचे होते. त्याला कुणीही परवानगी दिली नाही.

"काल इथे माणसं बसली असती ना, तर सगळी खाली गेली असती," अभियंता म्हणाला. "शाब्बास, पोरांनो! इतकी साधी आणि इतकी नेमकी तपासणी आम्हीही कधी कधी टाळतो."

"मीच रोज भरून भरून गळती झाकत होतो," पंपकाका मान खाली घालून म्हणाले.

"आणि मी रोज त्या काठावर उभी होते," आत्या म्हणाली. "ओरडत."

व्यवस्थापक पुढे आले. "मासोळी, तुझ्यामुळे तारीख बदलली. तेव्हा तुला लहान गटातच ठेवू. बक्षीस समज. एक अपवाद केला तर कोण विचारतंय?"

पहिला नंबर समोर आणून ठेवल्यासारखा होता.

"नको, काका. त्या तारखेला माझं वय जे असेल, तेच लिहा."

महिनाभराने स्पर्धा झाली. मोठ्या गटात मासोळी शेवटून दुसरी आली. तिने पाण्यातून डोके वर काढले, तेव्हा नव्या पायऱ्यांवरचे सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सर्वांत जोरात वाजवत होते ते व्यवस्थापक.

"आत्या, हे काय? मी तर हरले!"

"त्यांना दिसलंय ते. पण या पायऱ्या कुणामुळे नव्या झाल्या, हेही त्यांना ठाऊक आहे," आत्या टॉवेल पुढे करत म्हणाली. "चल, अंग पूस. गारठशील."