करडा चौकोन

दोन महिने माशा मारत बसल्यावर त्याला एकदाचं काम मिळालं. एका दवाखान्याची वेबसाइट. गिऱ्हाईक ईमेलशिवाय बोलत नव्हतं, पण निम्मे पैसे आगाऊ देऊन मोकळं झालं होतं. घरबसल्या वेबसाइट करून पोट भरणाऱ्याला असं गिऱ्हाईक म्हणजे लॉटरीच.

मजकूर आलेला नसला की तो मनानेच काहीतरी भरून ठेवायचा. पत्ता खोटा, फोन नंबर एकापासून चढत्या आकड्यांचा, फोटोच्या जागी करडा चौकोन आणि त्यात माप: ३०० × ४००. ‘आमची माणसं’ या पानावरचा असा चौकोन बरा दिसत नाही, असं गिऱ्हाईकाने कळवलं. मग त्याने भिंतीवर लावलेल्या घरच्या फोटोची फाइल उघडली, त्यातून ताईला कापून तिथे डकवलं आणि खाली ठोकून दिलं: रिसेप्शनिस्ट. आई गेल्यापासून घरात ती दोघंच. ताई पोट धरून हसली.

“चला, मलाही नोकरी लागली म्हणायची.”

काम सोपवताना फोटो काढायचा राहून गेला. उत्तर आलं: ‘पसंत. सोमवारपासून पाठवा.’

कसली ही थट्टा, म्हणत त्याने फोटो काढून टाकला. सोमवारी सकाळी तो पुन्हा पानावर होता. आणि नऊशिवाय न उठणारी ताई सात वाजता पर्स घेऊन दारात उभी होती.

“कुठे निघालीस?”

“कामावर. उशीर झालाय.”

संध्याकाळी ती परतली ती फिनेलच्या वासासकट. बुधवारी तिने त्याला ‘अहो’ म्हटलं. गुरुवारी ती आलीच नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने साइट उघडली. फोटोत ताई आता काचेमागे बसली होती. त्याने पान पुसलं, ते परत आलं. शोधायला जावं तर पत्ता त्याने स्वतःच रचलेला. त्याला रडू फुटलं. शेवटी त्याने तो चढत्या आकड्यांचा नंबर फिरवला.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

“नमस्कार. कोणाकडे काम आहे आपलं?”

“ताई, मी बोलतोय. घरी ये ना.”

“नाव सांगा, नोंदवून ठेवते.”

त्याने नाव सांगितलं. ते कसं लिहायचं, असं ताईने विचारलं.

त्याच दुपारी उरलेले पैसे जमा झाले, ठरल्याप्रमाणे पूर्ण.

त्याने मान वर केली. भिंतीवरच्या फोटोत एका बाजूला आई हसत होती, दुसऱ्या बाजूला तो. दोघांच्या मध्ये, काचेआड, करडा चौकोन होता. आत माप लिहिलेलं होतं.