पाण्यावरची हाळी

यात माझी सख्खी भार्गवीमावशी गेली. तिच्या मरणावर मी मनाने गोष्ट रचीन असं ज्याला वाटतं, त्याने इथेच थांबावं.

१९९६ सालचा फेब्रुवारी. शनिवारची संध्याकाळ. जागा सातारा जिल्ह्यात बामणोलीच्या पुढे, कोयना धरणाच्या मागे डोंगरांमधून लांबवर पसरलेलं शिवसागराचं पाणी.

मावशीचे यजमान अवधूतकाका, मूळचे सांगलीचे. परदेशात एका छोट्या पण महागड्या प्रवासी जहाजावर त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली होती. तिथे प्रवासी थोडेच असतात आणि त्यांच्या दिमतीला जवळपास तेवढीच माणसं. तिथून परत आले ते एकच वेड घेऊन.

सेवा.

पाहुण्याने मागायच्या आधी वस्तू त्याच्या हातात पडली पाहिजे. दुसरा चहा विचारायचा नाही, ओतायचा. किनाऱ्यावर फिरून आलेल्या पाहुण्याने लाँचवर पाय ठेवला की वाळ्याच्या पाण्यात भिजवलेला गार टॉवेल त्याच्या पुढ्यात हजर.

तेच सगळं त्यांनी इथे सुरू केलं. 'राजहंस' नावाची पांढरीशुभ्र लाँच, आत निजायच्या खोल्या, मागच्या डेकवर वेताच्या खुर्च्या. सकाळी निघायचं. पलीकडच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना उतरवायचं, जंगलातलं जुनं देऊळ दाखवायचं, झाडाखाली पिठलं-भाकरी. दिवेलागणीला परत. पुण्या-मुंबईचे लोक हौसेने यायचे. काकांचे पाय तेव्हा जमिनीला लागत नव्हते.

त्या शनिवारी लाँच अशीच परत निघाली होती. टेपवर बासरी लावलेली. पाहुणे गार टॉवेलने मान पुसत बसलेले.

आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून...

हाळी आली.

हाळी म्हणजे लांबून दिलेली मोठी हाक. त्या बाजूच्या वाड्यांना रस्ता नाही. पाण्यावरून जाणारी लाँच किंवा होडी, एवढाच काय तो आधार. त्यामुळे तिथली एक रीत आहे. हाळी कुणाचीही असो, नाव कडेला घ्यायचीच.

लाँच चालवणाऱ्या धुळाने लगेच इंजिन हळू केलं.

"सायेब, हाळी आलीया. कडंला घेतो."

काकांनी किनाऱ्याकडे बघितलं. एक माणूस डोक्याचं मुंडासं सोडून हवेत हलवत होता. त्याच्या पायाशी कुणीतरी आडवं पडलेलं होतं. हे काकांना दिसलं होतं. ते त्यांनी स्वतः नंतर कबूल केलं, म्हणून मी लिहितोय.

"पाहुणे जेवायला बसायचेत," काका म्हणाले. "आपली लाँच म्हणजे एसटी नाही. चल पुढे."

"आवं पर पाण्यावर हाळी आली तर न्हाई म्हनत न्हाईत. लय वाईट असतं त्ये."

"चल पुढे म्हटलं ना."

धुळाने इंजिन वाढवलं. काकांनी टेपचा आवाज वाढवला.

मागून हाळी येतच राहिली. मग ती ऐकू येईनाशी झाली.

दोन दिवसांनी बामणोलीच्या धक्क्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. केरबा त्याचं नाव. मुंडासं त्याच्या हातातच होतं.

"गवात कापताना बायकूला पान लागलं हुतं," तो म्हणाला. पान लागलं म्हणजे साप चावला. तिकडे सापाचं नाव घेत नाहीत. "शालूबाई तिचं नाव. शुद्धीवर हुती. तुमची लाँच दिसली तवा मला म्हनली, आली बगा."

काका नजर चुकवून लाँचकडे बघायला लागले.

"मग तुमी निगून गेला. ती बगत हुती. बगता बगताच गेली."

"मला काय माहीत तिथे काय झालंय ते," काका म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण मला खरंच माहीत नव्हतं."

केरबाने मान हलवली.

"तुमाला माहीत नव्हतं. पर आता तिला माहीत हाय, तुमी कोन त्ये."

एवढं बोलून तो गेला. काकांनी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या शनिवारची सगळी तिकिटं गेली होती.

त्या शनिवारी वाईचे एक वकील आणि त्यांची बायको लाँचवर होते. उतरताना वकिलीणबाई काकांना म्हणाल्या, "सगळं छान होतं हो. फक्त एक गोष्ट खटकली. मागे बसलेल्या त्या बाईंना तुमच्या माणसांनी टॉवेल दिला नाही. चहासुद्धा विचारला नाही."

"कोणत्या बाई?"

"त्या हो. हिरव्या लुगड्यातल्या. पाय वर घेऊन बसल्या होत्या."

काका मागे गेले. शेवटची खुर्ची रिकामी होती.

पण तिथे वास येत होता... ताज्या कापलेल्या गवताचा.

चहूकडे पाणी आणि मध्ये हा वास.

काकांनी सगळ्या नोकरांना झापलं. कुणीतरी वाडीवरची बाई चोरून चढवतंय, असं त्यांना वाटलं. पोरं शपथा घ्यायला लागली. धुळा मात्र पाण्याकडे बघत बसला.

पुढच्या फेरीला मिरजेचे एक डॉक्टर होते. देऊळ बघून सगळे परत लाँचवर चढले, लाँच सुटली, आणि डॉक्टर स्वतःच काकांकडे आले.

"त्या मागच्या बाईंचा पाय बघायला हवा. फार सुजलाय. मी विचारलं तर माझ्याकडे नुसतं बघतात. तुमच्याच घरच्या आहेत ना? तुमच्याकडे बोट दाखवत होत्या."



काकांनी मागे वळून बघितलं. खुर्ची रिकामीच होती... पण तिचा वेत खाली दबलेला होता. कुणी बसल्यावर दबतो तसा.

दुसरा कोणी असता तर त्याने लाँच बंद केली असती, भटजींकडून शांत करून घेतली असती, केरबाच्या दारात जाऊन बसला असता. काकांनी काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच. त्यांच्या लेखी नाराज पाहुणा म्हणजे नीट सेवा न मिळालेला पाहुणा. त्याला चहा द्यायचा, गोड बोलायचं, विषय संपतो.

पुढच्या फेरीला त्यांनी स्वतः ट्रे उचलला. घडी घातलेला गार टॉवेल, चांगल्या कपातला चहा, दोन बिस्किटं. शेवटच्या खुर्चीपुढे ठेवलं. वाकून म्हणाले, "घ्या. तुम्ही आमच्या पाहुण्या आहात."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग चहाची वाफ... एकदम थांबली.

काकांनी कपाला हात लावला. कप बर्फासारखा गार होता.

त्यानंतर तक्रारी बंद झाल्या. वास गेला. पाहुण्यांना मागची बाई दिसेना. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सांगलीला फोन करून मावशीला म्हणाले, "तुला कधीची लाँच बघायची होती ना? शाळेला सुट्टी लागली की ये."

मला आजही याचाच राग येतो. जिला स्वतःच्या तोंडाने पाहुणी म्हटलं, ती गेली कशी, हा प्रश्न या माणसाला पडला नाही.

मावशी मे महिन्यात बामणोलीला गेली. शाळेत गाणं शिकवायची ती. आवाज असा स्वच्छ, की गल्लीच्या टोकाला हाक मारली तरी आम्ही पोरं घराकडे पळायचो. लाँच बघून ती फार खूश झाली. सगळ्या पाहुण्यांबरोबर तीही देऊळ बघायला उतरली.

परतताना उन्हं उतरली होती. पाहुणे पुढे गेले. मावशी पायवाटेवर मध्येच थांबली.

"अहो, पायात काहीतरी रुतलं."

काकांनी तिला दगडावर बसवलं. चप्पल काढली. काटा दिसेना. पाऊल मात्र गरम लागत होतं.

तेवढ्यात खालून इंजिनचा आवाज आला.

लाँच सुटत होती.

मालकाला सोडून लाँच सुटेल कशी? काकांनी मावशीला आधार देत कसंबसं किनाऱ्यावर आणलं. राजहंस पाण्यात बरीच पुढे गेली होती. मागच्या डेकवर दिवे लागलेले, बासरीचे सूर ऐकू येत होते.

काकांनी हाळी दिली. जन्मात पहिल्यांदा.

"धुळाऽऽ, लाँच फिरव रे."

इंजिन हळू झालं. काकांच्या जिवात जीव आला.

आणि मग पाण्यावरून एक आवाज आला... अगदी स्पष्ट.

"आपली लाँच म्हणजे एसटी नाही. चल पुढे."

तो आवाज काकांचा होता.

काका स्वतः किनाऱ्यावर उभे होते, तोंड मिटलेलं होतं. आणि त्यांचाच आवाज समोरच्या लाँचवरून येत होता.

इंजिन वाढलं. टेपचा आवाजही वाढला.

काका घसा फुटेपर्यंत ओरडत राहिले. मावशी खाली बसली होती. तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या होत्या.

"आली का हो?" तिने विचारलं.

वरच्या चढावर कुणीतरी उभं होतं. केरबा. काकांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो खाली आला. मावशीचा पाय बघितला. डोक्याचं मुंडासं सोडून तिच्या पायाला वर घट्ट बांधलं. तिच्याशी तो फार मायेने वागला, हेही काकांनीच सांगितलं.

"केरबा, होडी बघ रे कुठे. पाया पडतो तुझ्या."

"होडी न्हाई," केरबा म्हणाला. "लाँच हाय. तुमचीच हाय. बोलवा."

काका पुन्हा हाळी द्यायला लागले. लाँचचे दिवे डोंगराच्या वळणाआड गेले.

मावशी त्यांच्या मांडीवर गेली. शेवटपर्यंत तिचे अर्धमिटले डोळे पाण्याकडेच होते.

धुळा लाँच घेऊन परत आला तेव्हा अंधार पडला होता. 

"सायेब, तुमी लाँचवरच हुता. वैनीसायेब बी हुत्या. मागच्या खुर्च्यांवर दोघं बसला हुता. त्यांनी हिरवी साडी नेसलीवती. हाळी आली तवा म्या इंजान हळू क्येलं, तर तुमीच म्हनला, चल पुढं. धक्क्यावर बगतो तर दोघं बी न्हाई, म्हून माघारी आलो."

मावशीच्या अंगावर त्या दिवशी पिवळी साडी होती.

पाहुण्यांनीही तेच सांगितलं. मालक सगळा वेळ लाँचवर होते. त्यांनी स्वतः प्रत्येकाला टॉवेल दिला, प्रत्येकाला नावाने हाक मारून. टॉवेल फारच गार होते म्हणे, हाताला झोंबत होते. पण इतकी सुंदर सेवा कुठे बघितली नाही, असं वरून म्हणाले.

साताऱ्याच्या दवाखान्यात सांगितलं, विषच भिनलंय. साप चावल्याची खूण मात्र पायावर कुठेच सापडली नाही.

बाराव्याला काकांनी हे सगळं आमच्यापुढे एका दमात सांगितलं. त्यानंतर ते बोलायचे थांबले. आजही सांगलीत असतात. मान हलवतात, खुणा करतात. स्वतःचा आवाज त्यांना ऐकवत नाही. मला त्यांची कीव यायला पाहिजे, पण येत नाही.

इथेच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

गेल्या आठवड्यात धुळा आमच्या घरी आला. आता तो दुसऱ्याची लाँच चालवतो. पुढ्यातल्या चहाला त्याने हात लावला नाही. मग आईला म्हणाला,

"ताई, त्या कडंवरनं अजून हाळी येती. दिस मावळताना. आमी समदे लाँच कडंला घेतो, रीतच हाय. कोन नसतंय तितं. पर आदी एका बाईचीच हाळी हुती, आमच्या बोलीतली. आता दोन येत्यात."

"दुसरी कशी आहे?" आईने विचारलं.

"शेरातली हाय. लय गोड गळा हाय. 'अहो, इकडे या ना,' म्हनती. घरच्या मान्सानं एकदा यिऊन ऐकावं, असं समद्यांचं म्हननं हाय. तुमी वळकाल."

आई रडली नाही. ती म्हणाली, "माझी बहीण आहे ती. मी जाऊन तिला ओ देणार."

अशा हाकेला ओ देऊ नये, एवढं मलाही कळतं. धुळाही तेच सांगून गेला, ऐका पण ओ देऊ नका. मी आईला चार दिवस समजावतोय. ती ऐकत नाही. काकांना विचारलं, तर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

एकटीला तिला सोडता येत नाही. बरोबर जायची माझी छाती होत नाही.

आईने सकाळच्या साताऱ्याच्या गाडीची वेळ विचारून ठेवली आहे.