नवरीच्या डावीकडची जागा

ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण मावशीला ओळखणारं कोणी तिला भित्री म्हणणार नाही. घरातले दिवे गेले तर मेणबत्ती शोधण्याआधी ती शेजारी फोन लावते, "तुमचेही गेलेत ना? मग ठीक आहे." अशी बाई आहे ती.

आणि हे रात्री घडलेलं नाही. वसंतातला लख्ख दिवस होता. उन्हानं डोळे दिपत होते. आजूबाजूला माणसंच माणसं होती.

तरीसुद्धा...

मावशी लग्नाचे फोटो काढायची. काका, म्हणजे तिचे यजमान, व्हिडिओ करायचे. दोघांचं काम सोबत, भांडणंही सोबत. त्या दिवशीचं लग्न शहरापासून बरंच लांब, एका मोठ्या इस्टेटीवर होतं. मध्ये पांढरा दुमजली बंगला. समोर उतरत गेलेली हिरवळ. कडेनं फुलांनी लगडलेली झाडं आणि अगदी खाली एक तळं.

"आज तुला काही काम नाही," गाडीतून सामान काढताना काका म्हणाले. "एवढा उजेड आहे की फोटो आपले आपण निघतील."

"मग तुम्हीच काढा. मी जेवायला जाते," मावशी म्हणाली.

इतकी साधी सुरुवात होती.

नवरी वरच्या खोलीत तयार होत होती. खिडकीखाली एक लांब कोच होता. नवरी त्याच्या अगदी कडेला बसली होती. इतकी कडेला, की एक पाय जमिनीवर रोवून तोल सांभाळत होती.

"मध्ये बस गं. पडशील," मावशी म्हणाली.

नवरी मध्ये सरकली. मावशीनं लेन्स बदलली आणि वर पाहिलं...

नवरी पुन्हा कडेला.

तिच्या डावीकडे अख्खा कोच रिकामा.

"अगं, जागा आहे ना एवढी?"

नवरी नुसती हसली. मावशीला वाटलं, लग्नाच्या दिवशी मुली बावरतात. तिनं तसाच फोटो काढला.

लग्न हिरवळीवर लागलं. छान लागलं. नवरी आईवडिलांविषयी चार शब्द बोलणार होती, म्हणून काकांनी तिच्या खांद्याशी कपड्याच्या आत छोटा माइक लावला होता. ती बोलली, आई रडली, वडील दुसरीकडे बघत राहिले. सगळं नेहमीसारखं.

मग घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली.

बंगल्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं. मावशी समोर शिडीवर चढली. मधोमध नवरी. तिच्या उजवीकडे नवरा. डावीकडे नवरीचे मामा. गडगडाटी हसणारा, अघळपघळ माणूस.

पण नवरी आणि मामा यांच्यामध्ये जागा सुटली होती. एक माणूस उभा राहील एवढी.

"मामा, जरा नवरीकडे सरका."

"आणखी किती सरकू? यांच्या अंगावर जाऊ का?"

"कोणाच्या?"

मामांनी मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"आत्ता होत्या ना इथे..."

"कोण होत्या?"

"मला वाटलं, नवऱ्याकडच्या कोणी असतील."

एक दोघं हसली. मामा आत सरकले. मावशीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"इकडे बघा."

तिचं बोट बटणावरच थांबलं.

जागा पुन्हा सुटली होती. मामा कधी बाहेर सरकले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

आणि त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मागे घरच्यांपैकीच एक उंच मुलगी उभी होती. ती मान तिरकी करून कॅमेऱ्याकडे पाहत होती. पुढच्याचं डोकं आड आलं की आपण करतो ना, तशी.

पुढे तर कोणीच नव्हतं.

मावशीनं भराभर फोटो काढले आणि खाली उतरली. काका कानाला हेडफोन लावून उभे होते.

"नवरीला जरा सांग, पुटपुटू नकोस म्हणून. माइक चालू आहे तिचा."

"काय पुटपुटते?"

"तू 'इकडे बघा' म्हणालीस की ती हळूच म्हणते, 'बघतेय'. दर वेळी."

मावशीनं वळून पायऱ्यांकडे पाहिलं.

"अहो, मी तिच्याकडेच बघत होते. तिचे ओठ हलले नाहीत."

"मग शेजारचं कोणी असेल."

"शेजारी कोणी नव्हतं."

काकांनी खांदे उडवले. पण हेडफोन काढून त्याच्याकडे एकदा बघितलं, हे मावशीनं पाहिलं.

पाहुणे जेवायला लागले, तशी मावशी बंगल्याच्या गच्चीवर गेली. वरून सगळ्या हिरवळीचा एक फोटो हवा होता. खाली रंगीबेरंगी कपडे, खुर्च्या, मुलांची पळापळ. वाऱ्यानं पाकळ्या उडत होत्या. नवरी गर्दीतून एकेकाला भेटत फिरत होती.

आणि तिच्या डावीकडे...

गर्दीत एक भोक होतं.

माणसांनी खचाखच भरलेल्या हिरवळीवर एवढीच जागा मोकळी. नवरी थांबली की ती थांबायची. नवरी चालली की चालायची. ताटं घेऊन निघालेला वाढपी तिथे आला आणि न बघता वळसा घालून गेला. दोन बायका गप्पा मारत सरळ येत होत्या. त्या बाजूला झाल्या, गप्पा न थांबवता. पळत येणारी एक लहान मुलगी मात्र तिथे गपकन थांबली. मान वर करून बघत राहिली.

मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं, तेवढी वर.

मग ती मुलगी रडत आईकडे पळाली.

मावशीच्या हाताला घाम सुटला. एवढ्या उन्हात तो थंड लागत होता.

तेव्हाच निघून जायला हवं होतं, असं ती आता म्हणते. पण भर लग्नातून फोटोवाली बाई जाणार कुठे? आणि नवरीला तसंच सोडून? नवरीचे एकटीचे फोटो अजून व्हायचे होते. तिच्या आईनं आधीच बजावलं होतं, तळ्याकाठी, त्या फुललेल्या झाडाखाली हवेत म्हणून.

तिघं खाली गेले. मावशी, काका आणि नवरी. वरचा कलकलाट हळूहळू मागे राहिला. झाडाखाली दगडी बाक होता. मावशीनं नवरीला बाकाशेजारी उभं केलं.

नवरीचा डावा हात अंगापासून सुटा, कोपरात वाकलेला होता.

"हात सैल सोड गं. अवघडल्यासारखा दिसतोय."

"ताई, सोडत नाहीये."

"सोड ना."

"मी नाही..." नवरी कॅमेऱ्याकडे बघून हसतच होती. ओठ जेमतेम हलत होते. "ती सोडत नाहीये."

मावशीनं कॅमेरा खाली घेतला.

कोपराच्या वर बाहीचं कापड दबलेलं होतं. एकाशेजारी एक, बोटांएवढ्या जागी. ऊन थेट त्यावर पडलं होतं. बघण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

"कधीपासून?" मावशीनं विचारलं. आवाज आपलाच आहे असं तिला वाटेना.

"सकाळपासून. आधी नुसती शेजारी बसली होती. तुम्ही फोटो काढायला लागलात, तशी जवळ जवळ यायला लागली. ताई, मला आईकडे जायचंय."

तेवढ्यात काकांनी हेडफोन काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काही न बोलता त्यांनी तो मावशीपुढे धरला.

मावशीनं कानाला लावला.

नवरीचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा. कपड्याची सळसळ होती. आणि मग, माइकला ओठ टेकवून बोलावं इतक्या जवळून, एका बाईचा कोरडा आवाज...

"माझा राहिला."

त्या आवाजाला श्वास नव्हता. मावशी म्हणते, माणूस बोलतो तेव्हा शब्दाच्या आधी आणि नंतर हवा ऐकू येते. इथे नुसते शब्द होते.

"माझा राहिला."

मावशीनं हेडफोन कानाला तसाच ठेवून नवरीकडे पाहिलं. नवरीला चिकटून उभे राहणारे नातेवाईक तिनं आयुष्यभर हाताळले होते. कशी कोण जाणे, पण तोंडून तीच नेहमीची भाषा निघाली.

"बाई, नवरीला जरा मोकळं करा. तुमचा एकटीचा काढते मी. तुम्ही बाकावर बसा."

काही झालं नाही.

पक्षी गप्प झाले होते. झाड हलत होतं, पण पानांचा आवाज येत नव्हता.

मग बाहीवरचं दबलेलं कापड हळूच वर आलं. एका बोटाखालचं. मग दुसऱ्या. मग सगळंच.

नवरीचा हात धपकन खाली पडला.

"वर जा," मावशी म्हणाली. "आईपाशी जाऊन उभी राहा. मागे बघू नकोस."

नवरी कपडे आवरत चढ चढून पळाली. काकांनी मावशीचा दंड धरला.

"चल. आपणही जाऊ."

"शब्द दिलाय," मावशी म्हणाली.

तिनं रिकाम्या बाकाकडे कॅमेरा धरला. इतकी वर्षं जे म्हणत आली, तेच म्हणाली.

"इकडे बघा."

हेडफोन अजून तिच्या कानाला होता. नवरी माइकसकट वर निघून गेली होती. त्या माइकवर आता पाहुण्यांचा गलका ऐकू यायला हवा होता.

"बघतेय."

मावशीनं बटण दाबलं.

नंतर दोघं वर आले ते थेट गर्दीत शिरले. संध्याकाळपर्यंत मावशी काकांपासून हातभरसुद्धा लांब गेली नाही. नवरीच्या डावीकडे आता माणसं येत होती, तिला मिठी मारत होती. निघताना काकांनी इस्टेटीच्या राखणदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे कधी काही झालं होतं का? तो हसला. "इथे लग्नांशिवाय कधी काही होत नाही," म्हणाला.

घरी आल्यावर काकांनी रेकॉर्डिंग लावलं. मावशीचं "इकडे बघा" स्पष्ट होतं. त्यानंतर...

काहीच नाही. ना तो आवाज, ना नवरीचा श्वास, ना वारा. प्रत्येक वेळी तेवढाच तुकडा कोरा.

बाकाच्या फोटोत बाक होता. ऊन होतं, पाकळ्या पडल्या होत्या. मावशीनं तो कोणाला पाठवला नाही. बाकीचे फोटो दिले. पायऱ्यांवरच्या प्रत्येक फोटोत नवरी आणि मामांमधली जागा तशीच होती. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. नवरीच्या आईनं तर कौतुकानं फोन केला.

"किती दाटीवाटीनं उभे होतो हो आम्ही. मुंगी शिरायला जागा नव्हती."

मावशीनं लग्नं घेणं बंद केलं. ती आता दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढते. कपबशा, नळ, कुलपं. त्यांना इकडे बघा म्हणावं लागत नाही.

वर्ष गेलं. मागच्या महिन्यात, एका दुपारी, नवरीचा फोन आला. मजेत होती. नवीन घराविषयी, नवऱ्याच्या घोरण्याविषयी बोलली. मावशीला बरं वाटलं. मग ती जरा थांबली.

"ताई, तो बाकावरचा फोटो पाठवता का?"

"तुला कशाला गं तो?"

"मला नकोय."

मावशीनं पुढे काही विचारलं नाही. फोटो शोधला आणि पाठवून दिला. द्यायचा राहिला होता तो दिला, आता तरी सुटले, असं तिला वाटलं.

थोड्याच वेळात पुन्हा फोन वाजला. या वेळी नवरी कुजबुजत होती.

"ताई, तिला नाही आवडला. त्यात ती दिसत नाहीये."

मावशीनं तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. नुसता बाक होता.

"म्हणते, मी नीट बघत होते. डोळे तुम्ही मिटले होते."

हे मावशीनं काकांनाही सांगितलेलं नव्हतं. बटण दाबताना तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. काका तिच्या पाठीमागे उभे होते, त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. तिचे डोळे दिसतील असं त्या तळ्याकाठी समोर कोणी नव्हतं...

"मग आता?" मावशीनं कसंबसं विचारलं.

"पुन्हा काढून द्या म्हणते." नवरीला रडू येत होतं. "विचारतेय, तुम्ही येता, की आम्ही येऊ?"

मावशीनं फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या नंबरचा फोन तिनं उचललेला नाही. तो वाजत असतो.

काका दिवसभर कामावर असतात, म्हणून सध्या मी तिच्याकडे राहायला आलोय. रात्री ती शांत झोपते. मला वाटलं होतं, तिला अंधाराची भीती वाटत असेल. तसं काही नाही.

ती दुपारी पडदे ओढून घेते. आभाळ भरून आलं की तिला हायसं वाटतं.

आज सकाळपासून मात्र लख्ख ऊन पडलंय. फोटोला हवा तसा उजेड आहे.