नसलेली गाय आणि बावीस मिनिटं

एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात मला एक पत्र आलं होतं. निळं आंतर्देशीय. सारोळ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स असलेल्या लीलाबाईंचं. भोरला लसीकरणाच्या शिबिरात आमची दोन दिवसांची ओळख झाली होती. मी शाळेची मुलं घेऊन गेलो होतो आणि वेळ जावा म्हणून हातात एक प्रवासवर्णन होतं. ते त्यांनी वाचायला मागून घेतलं. पत्रात चारच ओळी होत्या. शेवटची अशी : 'पुस्तक वाचून झाले. परत आणून देऊ, की ठेवून घेऊ? कळवावे.'

मी कळवलं नाही.

कळवायचं नव्हतं असं नाही. अकरा वेळा लिहून पाहिलं. 'आणून द्या' म्हटलं तर मला पुस्तकाचीच काळजी आहे असं वाटेल. 'ठेवून घ्या' म्हटलं तर त्या इकडे यायला नकोत असं वाटेल... बाराव्यांदा लिहायला बसेपर्यंत दिवाळी येऊन गेली, मग उन्हाळा, आणि मग त्यांच्या लग्नाची बातमी. मी लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर पुस्तकांची कपाटं दाखवतो.

तेव्हा प्रेमाची गोष्ट सांगायचा मला काय अधिकार, असं कोणी म्हणालं तर ते रास्तच आहे. पण ही गोष्ट माझी नाही. ती माझ्या ओसरीवर घडली आणि मी तिथे चहा गाळत होतो.

सम्राट एका डेअरी कंपनीत कामाला आहे. वेल्ह्याच्या बाजूच्या पंधरा-वीस गावांत फिरून गाईम्हशी तपासायच्या, रेतन करायचं, लस द्यायची. मोटारसायकलला मागे रेतनाच्या कांड्या गार ठेवणारा नायट्रोजनचा डबा, खिशात कंपनीचा मोबाईल. मंगळवारी आणि शुक्रवारी तो माझ्याकडे थांबे – वाचलेलं पुस्तक द्यायला, नवं न्यायला. चहा होई. वीस-बावीस मिनिटं.

यंदा श्रावणात, एका मंगळवारी, पागोळ्यांचं पाणी अंगणात पडत असताना त्याचा मोबाईल वाजला. तो मोबाईल एकदा भातखाचरात पडला होता. कानाला लावून ऐकूच यायचं नाही, म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलायचा.

"नमस्कार सर, भोर ऑफिसमधून शिवानी बोलतेय. आजपासून हे काम माझ्याकडं आहे. तुम्ही बावीस मिनिटं एकाच जागी थांबलाय. कारण नोंदवायचंय."

सम्राटचा कप तोंडाशी थांबला. माझाही. मी नकळत वर कौलांकडे पाहिलं.

"गाडी पंक्चर झालीय," तो म्हणाला.

"तुमचा ठिपका रस्त्यावर नाही, सर. घरावर आहे."

"ठिपका?"

"माझ्यासमोर नकाशा आहे. तुम्ही सगळे त्यावर ठिपके दिसता. हजेरीचं ॲप टाकून घेतलं होतं ना, ते." मग जरा थांबून, हळू आवाजात – "कुणाच्या घरी आहात?"

"नानांच्या."

"त्यांच्याकडं जनावर काय आहे?"

सम्राटनं इकडेतिकडे पाहिलं. "मांजर हाय."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. "मांजराचं बटण नाही. गाय किंवा म्हैस."

"चहाचं हाय का?"

"नाही."

"पुस्तकाचं?"

मग तिनं विचारलं, "...कुठलं पुस्तक?"

त्या दिवशी तिनं माझ्या नावावर एक गाय लिहिली. ॲपला गाईचं नाव लागतं, रंग लागतो, वय लागतं. नाव तिनंच ठेवलं, राजनंदिनी. रंग सम्राटनं सांगितला – तांबडा, कपाळावर चांद. वय त्यांनी मला विचारलं. मी घाबरून चार सांगितलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यातली माझी ती पहिली गाय.

पुढच्या शुक्रवारी मोबाईल विसाव्या मिनिटाला वाजला.

"राजनंदिनी कशी आहे, सर?"

"चारा कमी खाती. वाचती जास्ती."

"काय वाचते?"

त्यानं हातातल्या पुस्तकातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या – अडखळत, कान लाल करून. मी उगाच आत जाऊन साखरेचा डबा शोधू लागलो.

"तिचं वाचून झालं की मला पाठवा," शिवानी म्हणाली.

पुस्तक दुधाच्या टेम्पोतून भोरला गेलं. आठवड्यानं परत आलं तेव्हा त्रेसष्टाव्या पानावर एसटीचं तिकीट होतं. सम्राटनं ते पान चारदा वाचलं.

"नाना, हितं काय विशेष हाय?"

"काही नाही. तिथं तिला झोप आली असेल."

"न्हाई ओ. खूण हाय ती." आणि त्यानं तिकीट पाकिटात ठेवलं.

असे भाताच्या लोंब्या येईपर्यंत दिवस गेले. कार्तिकात ॲपनं आपणहून विचारलं – गाय गाभण आहे का, तपासणीची तारीख उलटली. शिवानीनं गडबडीत 'होय' दाबलं.

"अवो, मग वासरू कुठनं आणायचं मी?" सम्राट कपाळाला हात लावून म्हणाला.

"अजून सहा महिने आहेत. सुचेल काहीतरी." मग पलीकडे नुसता पंख्याचा आवाज... "तोवर बोलत राहाल ना?"

सम्राटनं माझ्याकडे पाहिलं. मी मांजराकडे पाहिलं.

"राहीन की," तो म्हणाला. "वासरू झालं तरी राहीन."

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ते दोघं भाटघरच्या धरणाकाठी भेटले. पहिल्यांदाच. मंगळवारी तो सगळं सांगेल म्हणून मी दोन कप आधीच मांडून ठेवले होते. तो आला, पण बसला नाही. खांबाला टेकून उभा राहिला.

"चांगलं चाललं हुतं, नाना," तो म्हणाला. "तिनं शेंगदाण्याची पोळी आणलेली. बोलली, तुमी ठिपक्यापेक्षा उंच हाय. लई हसलो आमी. आन् मग तिनं इचारलं – घरी कुणाला बरं नाही का? नसरापूरच्या दवाखान्यात दिवसभर बसावं लागलं ना सोमवारी?"

"मग? आपुलकीनंच विचारलं तिनं."

"आईला घेऊन गेलतो, पर म्या कुणालाच सांगितलं न्हवतं. तुमाला तरी सांगितलं का?" त्यानं विचारलं. "म्या रजेवर हुतो नाना त्या दिवशी. मी तिला म्हणलं, रजेवर असलेला माणूस बी दिसतो का तुला? तर म्हणती, ठिपका रजेवर जात नाही."

आत्तापर्यंत ओसरीवरच्या बावीस मिनिटांची मला गंमत वाटत होती. हा मुलगा दवाखान्याच्या बाकावर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असताना भोरमध्ये कोणाच्या तरी नकाशावर एक ठिपका लुकलुकत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

"तिला तसं म्हणायचं नसेल," मी म्हणालो. वाक्य पडेल निघालं.

"ती चांगलीच हाय. म्हणून तर जास्ती लागलं."

त्यानंतर फोन आला की तो 'हो मॅडम', 'नाही मॅडम' एवढंच बोले. विसावं मिनिट व्हायच्या आत उठे.

मग ऑफिसात वर्षअखेरची मिटिंग झाली; तिथलं सगळं सम्राटनं मला नंतर सांगितलं. साहेब इंद्रजित नावाचे, तिशीचे, चांगले कपडे घालणारे. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि विचारलं, "हे दोन ठिपके ओळखा बरं." रविवार, भाटघर, दोन तास दहा मिनिटं. एक ठिपका सम्राटचा. दुसरा शिवानीचा – तिच्याकडेही कंपनीचाच मोबाईल होता.

सगळे हसले. सम्राटनं मान खाली घातली, पण त्याआधी त्यानं शिवानीकडे पाहिलं होतं. ती हसत नव्हती, लाजतही नव्हती. ती भिंतीकडे पाहत होती – आपल्या घरात आपल्याच ताटाशी परका माणूस जेवताना दिसावा तसं. दिवसभर इतरांचे ठिपके बघणाऱ्या त्या मुलीला, आपलाही एक आहे, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

इंद्रजित साहेबांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी सम्राटचे सगळे थांबे काढले आणि शुक्रवारी त्याच्यासोबत माझ्या अंगणात येऊन उभे राहिले.

"नाना, राजनंदिनी कुठंय?"

चरायला गेलीय, असं म्हणता आलं असतं. शेजारच्या रखमाजीची तांबडी दाखवता आली असती. पण मला वेळेवर काही सुचत नाही.

"ती नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हती. मांजर आहे."

साहेबांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. "शिवानी, ही गाय कोणी लिहिली?"

"मी," ती म्हणाली. क्षणाचीही वाट न पाहता. "सम्राट सरांनी चहा सांगितला होता. गाय मी लिहिली. गाभणही मीच केली."

या बोलण्यावर कोणालाही हसू आलं असतं. सम्राटच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही पुढे होऊन म्हणू शकलो असतो, साहेब, वय मी सांगितलं होतं, माझंही नाव घ्या. ते वाक्य मनात पूर्ण तयार होतं, पूर्णविरामासकट. गाडी वळणाआड गेल्यावर मी ते मांजराला ऐकवलं.

सम्राटला ताकीद मिळाली. शिवानीची नोकरी गेली.

दहा दिवसांनी पोस्टमन माझ्या घरी एक पाकीट टाकून गेला. 'सम्राट यांस, नानांच्या पत्त्यावर.' सम्राटनं ते ओसरीवर उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्या हातात दिलं. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, वाचा.

'तुमचा ठिपका मी कामाच्या वेळेनंतरही बघायचे. तुम्ही घरी पोचलात की मला बरं वाटायचं. ते बघणं प्रेमानं होतं, म्हणून ते बरोबर आहे असं समजत होते. भिंतीवर माझा ठिपका बघितला तेव्हा कळलं, तुम्हाला धरणावर कसं वाटलं असेल. फोनवर सांगणार होते, पण तो फोन कुणाचा आहे हे आता दोघांनाही माहीत आहे. आज माझ्यासमोर नकाशा नाही. तुम्ही या घडीला कुठं आहात, मला माहीत नाही. सांगावंसं वाटलं तरच सांगा. – शिवानी.'

"मग?" मी विचारलं.

"बघू," म्हणत त्यानं पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं. "काय लिवायचं ते नीट सुचलं की लिवतो. घाई कशाला?"

त्यातल्या एका शब्दाशी मी अडलो. 'नीट'. तो शब्द मी चांगला ओळखतो.

मी आत गेलो. तिसऱ्या कपाटातल्या वरच्या फळीवरून ते निळं आंतर्देशीय काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. आजवर कोणाला दाखवलं नव्हतं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

त्यानं वाचलं. तारीख पुन्हा वाचली.

"नाना... हे चव्वेचाळीस वर्सांचं हाय."

"हो."

"आन् तुमी काय कळवलं?"

"नीट सुचलं नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच त्याच्या नकाशावर अचानक उगवलो होतो. मग उठला. "तुमच्याकडं कागूद हाय का? चांगला नको. कसला बी द्या."

त्यानं एका दमात लिहिलं आणि मला दाखवलं. 'शिवानी, मी नानांच्या ओसरीवर आहे. मंगळवार, सव्वाअकरा. चहा गार झाला. साहेबांपुढं मी गप्प बसलो, त्याची माफी समोर येऊन मागायची आहे. रविवारी दहा वाजता भाटघरला त्याच जागी असेन. मोबाईल घरी ठेवून येतो. आलीस तर दिसशील, नाही आलीस तर वाट बघीन. – सम्राट.'

"शुद्धलेखन?" त्यानं विचारलं.

"तसंच राहू दे."

"आता तुमचं."

"माझं काय?"

"कुठं असत्यात त्या?"

"सारोळ्यातच. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, असं ऐकलं. पण सम्राट, या वयात... त्यांना आठवतसुद्धा नसेल. लोक काय म्हणतील..."

"नाना," तो म्हणाला, "बावीस मिनिटं हायत तुमच्याकडं."

एकोणीस लागली. एकच ओळ होती.

वेल्ह्याच्या पोस्टापर्यंत मी त्याच्या गाडीवर, त्याच्या आणि नायट्रोजनच्या डब्याच्या मध्ये अंग चोरून गेलो. त्यानं आपलं पाकीट पेटीत टाकलं तोच मोबाईल वाजला. नवा आवाज होता, कुणा मुलाचा. "सर, तुम्ही पोस्टापाशी थांबलाय. मार्गात नाही ते. कारण?"

"पत्र टाकतोय," सम्राट म्हणाला.

"...त्याचं बटण नाही, सर."

"मग नको दाबू." त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. घाई केली नाही.

पाकिटाचं एक टोक पेटीच्या तोंडात होतं, दुसरं माझ्या बोटांत. आत लिहिलं होतं : 'लीलाबाई, उत्तराला उशीर झाला. पुस्तक आणून द्यावे. चहा घेऊन जावे.' 'द्यावे' बरोबर की 'द्याल का' जास्त बरं, हे मनात आलंच. मी बोटं सोडली. पेटीत सम्राटच्या पाकिटाशिवाय काही नसावं. पाकीट तळाला लागल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.