कोंड्यावरचं घर

दिवा बारीक करा अन् जवळ सरका, पोट्टेहो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो उदेभान मिस्त्री आजही माझ्यासोबत बसून बिडी पितो.

गेल्या साली तुळशीचं लग्न होतं, त्या संध्याकाळी तो मुरमाची शेवटची खेप घेऊन कुडव्याला आपल्या घरी आला. पाचव्या दिवशी लेक रेणू तान्हं बाळ घेऊन येणार होती. त्याआधी खोलीची जमीन कोरडी करायची होती.

मिस्त्री म्हणजे दिव्याखाली अंधार! लोकांच्या घराखाली मुरूम ठोकून, प्लास्टिक अंथरून मगच फरशी घालायचा. स्वतःचं घर बांधलं धानाच्या बांधीत, पाणी साचणाऱ्या त्या शेतात, अन् जोत्यात भरलं काय? राइस मिलचा फुकट कोंडा. कोंडा पाणी धरतो, सडतो. भिंतींना काळी बुरशी चढली आणि बायको फुलवंताला दम्याने धरलं.

"खालून ओल येऊन रायली जी," ती खोकत म्हणायची. "तो कोंडा काढा ना."

"काढतो ना! कायले मांगं लागून रायली? लोकायचं काम होऊ दे."

तिसऱ्या पावसाळ्यात ती गेली. उदेभानचं काळीज तुटलं ते अजून जुळलं नाही.

कोंडा त्याने तुळशीच्या लग्नाआधीच उपसला होता. त्या रात्री मुरूम ठोकला, प्लास्टिक अंथरलं, वर काँक्रीट ओढलं. सव्वा अकराला दाराला कडी लावून पडवीत आडवा झाला.

खोकला.

आतून... जमिनीखालून.

त्याने कडी काढली. बॅटरी मारली. खोली रिकामी. काँक्रीट गुळगुळीत. पुन्हा कडी लावली.

पुन्हा खोकला. आता दाराच्या अगदी पलीकडे.

"फुलवंता...?"

...

"काढला ना वं कोंडा... सप्पा काढला. उशीर केला मी."

मग एक श्वास. लांब, मोकळा. ज्याच्यासाठी ती रात्र रात्र उठून बसायची, तसला.

तो दाराला टेकून लेकरासारखा रडला. आत जायची हिंमत झाली नाही.

सकाळी कडी काढली. काँक्रीट घट्ट झालेलं. खिडकीपाशी त्यात कुशीवर निजलेल्या बाईचा ठसा... खांदा, कंबर, मनगटाशी बांगड्यांच्या चार रेघा. आणि पसरलेल्या हाताशी, तान्हं बाळ निजेल एवढी जागा सोडलेली.